एपवर्थच्या घरातील शाळा



संप कोठे झाला, किती दिवस चालला आणि कोणत्या अटींवर मिटला, एवढे लिहिले म्हणजे कामगारांचा इतिहास लिहून झाला, असे पुष्कळांना वाटते. आमचे उभे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शिक्षण म्हणाल तर थोडे रात्रशाळेत आणि बाकीचे युनियनच्या कचेरीत झाले. म्हणून आमच्या मनात नेहमी एक निराळा प्रश्न येतो. मालकासमोर उभा राहून जो मजूर न अडखळता बोलतो, वर्गणीचा पैन् पैचा हिशेब ठेवतो आणि सभेत दुसऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबतो, तो हे सगळे शिकला कोठे? कारखान्याच्या फाटकाशी या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी घराच्या उंबरठ्यापर्यंत मागे जावे लागते.

इंग्लंडमधील मजूर चळवळीच्या बाबतीत असा माग काढीत गेलो, तेव्हा आम्ही लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ नावाच्या गावी, तेथल्या पाद्र्याच्या घरी येऊन पोचलो. त्या घरातील आईचे नाव सुझाना वेस्ली. मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली आणि हजारो भक्तिगीते रचणारे त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स यांची ही आई. मुलगे जगाला ठाऊक आहेत. आज बोलायचे आहे ते आईविषयी आणि तिने घरात चालवलेल्या शाळेविषयी. त्या शाळेतून निघालेल्या मुलींविषयीही बोलायचे आहे, कारण त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

सुझानाबाईंचा जन्म लंडनमध्ये २० जानेवारी १६६९ रोजी झाला. त्यांचे वडील डॉ. सॅम्युएल अ‍ॅनस्ली हे नावाजलेले धर्मोपदेशक होते. १६६२ साली सरकारने सर्व पाद्र्यांवर एकच प्रार्थनापद्धती सक्तीची केली, तेव्हा ती न मानणारे सुमारे दोन हजार उपदेशक आपल्या जागांना मुकले. अ‍ॅनस्ली त्यांच्यापैकीच एक. त्यांना पंचवीस मुले झाली आणि सुझाना त्यांतले शेंडेफळ. राजाज्ञा मोडून सदसद्विवेकबुद्धीला जागणाऱ्या बापाच्या या मुलीने तेरा वर्षे पुरती होण्यापूर्वीच दोन्ही बाजूंचे वाद वाचून आपला निर्णय घेतला, आणि तो होता बापाने सोडलेल्या सरकारी चर्चमध्ये परत जाण्याचा! बापानेही तिला अडवले नाही. विचार करायला शिकवलेले मूल आपल्याच विरुद्ध विचार करील ही जोखीम ज्याने पत्करली, त्यालाच खरा शिक्षक म्हणावे.

१६८८ साली सॅम्युएल वेस्ली या तरुण पाद्र्याशी त्यांचा विवाह झाला आणि काही वर्षांनी हे कुटुंब एपवर्थला आले. सुमारे वीस वर्षांत एकोणीस बाळंतपणे झाली. त्यांतली नऊ मुले तान्हेपणीच गेली. सात मुली आणि तीन मुलगे अशी दहा जगली. सॅम्युएल विद्वान होते, काव्य करीत, पण त्यांना व्यवहार जमत नसे. कर्ज कायम मानेवर बसलेले. १७०५ च्या निवडणुकीत त्यांनी गावातल्या बऱ्याच जणांच्या मनाविरुद्ध बाजू घेतली. त्याचा वचपा म्हणून तीस पौंडांहूनही कमी रकमेच्या थकबाकीसाठी त्यांना अटक करवून लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात टाकले, आणि इकडे त्यांच्या गाई भोसकण्यात आल्या. सुझानाबाईंनी आपल्या बोटांतल्या अंगठ्या काढून नवऱ्याकडे तुरुंगात पाठवल्या, कारण पाठवण्यासारखे दुसरे काही घरात नव्हते. नवऱ्याने त्या परत केल्या. पुढे यॉर्कच्या आर्चबिशपांनी त्यांना विचारले, तुम्हाला कधी भाकरीची वाण पडली होती काय? त्यावर त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की भाकरी मिळाली नाही असे झाले नाही. पण ती मिळवण्याची आधी इतकी विवंचना आणि तिचे पैसे चुकवण्याची मागून इतकी विवंचना, की पुष्कळदा ती गोड लागली नाही. उधारीच्या वहीवर संसार चालवलेल्या कोणत्याही गृहिणीला हे उत्तर समजावून सांगावे लागणार नाही.

या बाई म्हणजे नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी गरीब गाय होत्या, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. १६८८ मध्ये गादीवरून घालवलेला जेम्स हाच खरा राजा, असे त्यांचे मत होते. नवरा तिसऱ्या विल्यमच्या बाजूचा. एके दिवशी घरच्या प्रार्थनेत सॅम्युएलनी विल्यम राजासाठी मागणे मागितले आणि सुझानाबाईंनी 'आमेन' म्हटले नाही. नवऱ्याने जाब विचारला. दोन राजे असतील तर दोन शेजा असतील, असे म्हणून तो रागाने लंडनला निघून गेला. ही गोष्ट १७०२ सालची. बाईंचे म्हणणे एवढेच की आपण चुकलो असे पटले तर क्षमा मागू. पण पटलेले नसताना केवळ सोयीसाठी क्षमा मागणे म्हणजे खोटे बोलणे होईल. त्या साली विल्यम राजा वारला, घराला आग लागली, आणि सॅम्युएल परत आले. पुढच्या वर्षी, जून १७०३ मध्ये, जॉनचा जन्म झाला.

आता शाळेकडे वळू. ९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री ते घर पुन्हा पेटले आणि जळून राख झाले. सर्वजण बाहेर पडले, पण पाच वर्षांचा जॉन वर अडकला. गावकऱ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून त्याला खिडकीतून काढले. नवे घर बांधून होईपर्यंत मुले निरनिराळ्या कुटुंबांत वाटली गेली. ती परत आली तेव्हा त्यांची बोली, वागणूक आणि दिवसाची शिस्त सारेच बिघडलेले आईला दिसले. तेव्हा बाईंनी घराची घडी नव्याने आणि पहिल्याहून काटेकोर बसवली. तिची हकीकत त्यांनी पुढे १७३२ साली जॉनच्या आग्रहावरून पत्राने लिहून पाठवली, म्हणूनच ती आज आपल्याला वाचायला मिळते.

मूल पाच वर्षांचे झाले की त्याच्या शिक्षणाला आरंभ व्हायचा. आदल्या दिवशी घर आवरून ठेवायचे, प्रत्येकाला आपले काम नेमून द्यायचे, आणि त्या दिवशी सकाळी नऊ ते बारा व दुपारी दोन ते पाच कोणीही त्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. आई आणि मूल दोघेच. एका दिवसात सगळी मुळाक्षरे! मेरी आणि अ‍ॅन या दोघींना तेवढा दीड दिवस लागला. दुसऱ्या दिवसापासून बायबलातील उत्पत्तीच्या पहिल्या ओळीपासून वाचन सुरू. एक ओळ बिनचूक आल्याशिवाय दुसरी नाही. थोरला सॅम्युएल जवळजवळ पाच वर्षांचा होईपर्यंत बोललाच नव्हता, पण बसवल्यावर तोही काही तासांत अक्षरे शिकला. रोज सहा तास हे चाले. आरंभी आणि शेवटी स्तोत्रगायन होई. संध्याकाळी मोठ्या भावंडाने धाकट्याला जवळ घेऊन वाचून दाखवायचे, म्हणजे शिकणाराच शिकवणारा होई. ग्रीक-लॅटिनचा भाग वडिलांकडे असे. पण येथे एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. कर्ज असले तरी घरात नोकर होते. आई सहा तास शिकवायला मोकळी राहिली याचे कारण चूल आणि धुणे दुसऱ्या बायकांच्या हातांवर चालले होते. त्या हातांची नोंद कोणी ठेवलेली नाही. बाईंचा एवढा मात्र दंडक होता, की मुलांनी नोकरांकडेही काही मागायचे ते आर्जवाने मागावे, हुकूम सोडू नये.

या शाळेचे काही लिखित कायदे होते, आणि आमच्यासारख्या वाटाघाटीच्या टेबलाशी आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यांचेच अप्रूप जास्त वाटते. केलेली चूक ज्याने आपण होऊन कबूल केली त्याला मार नाही. एका अपराधाला दोनदा शिक्षा नाही, आणि तो मागाहून उकरून काढायचाही नाही. मुलाने आज्ञा पाळताना मनाला मुरड घातली असेल तर त्याला शाबासकी द्यायचीच. काम फसले, पण हेतू चांगला होता, तर हेतू जमेस धरायचा. दुसऱ्याची वस्तू दमडीची असो की टाचणीएवढी, धन्याच्या संमतीवाचून घ्यायची नाही. दिलेला शब्द पाळायचा, आणि एकदा दिलेली भेट परत मागायची नाही. या नियमांकडे नीट पाहा. यांतले निम्मे मुलाला बांधतात आणि निम्मे आईला. शिक्षा करणाऱ्याच्याही हाताला नियमाची दोरी बांधलेली आहे. ज्या घरात मूल अशा नियमाखाली वाढते तेथे त्याला फार लवकर कळते, की हुकूम वेगळा आणि कायदा वेगळा. आम्ही जे स्थायी आदेश मालकांकडून लिहून घेण्यासाठी झगडतो, त्यांचे मर्म याहून वेगळे नाही.

शेवटचा नियम तर सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा आहे. कोणत्याही मुलीला चांगले वाचता येईपर्यंत कामाला लावायचे नाही. बायकांना नीट वाचता येत नाही याचे कारण, वाचायला शिकण्याआधीच त्यांच्या हाती सुई दिली जाते, असे बाईंनी स्पष्ट लिहिले आहे. आणि हे लिहिले ते १७३२ साली.

तथापि या चित्राला एक काळी बाजू आहे, आणि ती लपवणे इतिहासाशी बेइमानी होईल. मुलाला वळण लावायचे तर आधी त्याची स्वेच्छा मोडली पाहिजे, असे बाईंचे ठाम मत होते. वर्षाचे झाल्यावर मुलाला छडीचे भय कळले पाहिजे आणि रडायचे तर हळू रडले पाहिजे. आजच्या कोणत्याही आईला हे ऐकून काटा येईल, आणि यावा. ई. पी. थॉम्प्सन या इतिहासकाराने इंग्लंडमधील कामगार वर्गाच्या घडणीवर १९६३ साली जो प्रख्यात ग्रंथ लिहिला, त्यात मेथॉडिस्ट शिस्तीवर कठोर टीका आहे. भोंग्याबरोबर उठणारा, मुकाट राबणारा मजूर गिरणीमालकाला हवाच होता, आणि या पंथाने तो घडवून दिला, असा तिचा रोख आहे. हा आरोप खोटा म्हणता येणार नाही. पण तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा समजण्यासाठी त्याच घरातील दोन प्रसंग पाहिले पाहिजेत.

पहिल्या प्रसंगाचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. डेन्मार्कच्या राजाने धाडलेले झीगेनबाल्ग आणि प्लुट्शाऊ हे दोन जर्मन मिशनरी १७०६ साली तमीळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे उतरले. इंग्रज त्या गावाला ट्रांकेबार म्हणत. त्यांच्या कामाची हकीकत इंग्रजीत छापली गेली, आणि ती एपवर्थच्या घरी एमिलियाच्या, म्हणजे थोरल्या मुलीच्या, हाती लागली. तिने ती आईला वाचून दाखवली. सुझानाबाईंचे मन हलले. आपण पुरुष नाही, पाद्रीही नाही. पण आपल्या हाती आहे तेवढे तरी करावे, असे त्यांनी ठरवले. आठवड्याची एकेक संध्याकाळ त्यांनी एकेका मुलासाठी राखून ठेवली. सोमवार मेरीचा, मंगळवार हेटीचा, बुधवार अ‍ॅनचा, गुरुवार जॉनचा, शुक्रवार मार्थाचा, शनिवार चार्ल्सचा, आणि रविवार एमिलिया व सुझाना या दोघींचा. त्या वेळी धडा नसे. मुलाच्या मनात काय आहे ते ऐकून घ्यायचे. पुढे ऑक्सफर्डला असताना जॉननी आईला लिहिले, की त्या गुरुवारच्या संध्याकाळीतला थोडा वेळ अजून मला द्याल तर फार बरे होईल. तमीळ मुलुखातील हकीकत अशी लिंकनशायरमधल्या आईच्या दिनक्रमात जाऊन बसली.

दुसरा प्रसंग १७१२ च्या हिवाळ्यातला. सॅम्युएल चर्चच्या परिषदेसाठी लंडनला गेले होते. रविवारी संध्याकाळी बाई मुलांना आणि नोकरांना प्रार्थना व प्रवचन वाचून दाखवीत. नोकराने आपल्या आईबापांना सांगितले, ते आले. त्यांनी शेजाऱ्यांना सांगितले, तेही आले. तीस-चाळीसांचे दोनशेंवर गेले, आणि पुष्कळांना जागेअभावी परतावे लागले. नवऱ्याच्या हाताखालच्या पाद्र्याने लंडनला तक्रार धाडली, कारण त्याच्या प्रवचनाला तेवढी माणसे येत नव्हती. बाईमाणसाने सभा घ्यावी हे बरे दिसत नाही, असे नवऱ्याने कळवले. बाईंनी उलट टपाली जे लिहिले त्याचा सारांश असा. ही सभा मोडावी असे आपल्याला वाटत असेल तर 'इच्छा आहे' असे लिहू नका. स्पष्ट हुकूम द्या. म्हणजे उद्या देवापुढे जाब द्यायची वेळ आली, तर या लोकांचे कल्याण करण्याची संधी दवडल्याचा दोष माझ्यावर येणार नाही. हुकूम आला नाही. सभा चालू राहिली. जबाबदारी वरच्याच्या सहीवर टाकायला लावण्याची ही हातोटी आम्हाला फार उशिरा साधली. त्या बाईंनी ती तीनशे वर्षांपूर्वी वापरली.

त्या सभांच्या वेळी जॉन आठ वर्षांचा होता. त्यानंतर तीस वर्षांनी, फेब्रुवारी १७४२ मध्ये, ब्रिस्टल येथे त्यांच्या अनुयायांनी इमारतीचे कर्ज फेडण्यासाठी एक युक्ती काढली. बारा-बारा जणांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक म्होरक्या नेमायचा, आणि त्याने दर आठवड्याला घरोघर जाऊन प्रत्येकी एक पेनी गोळा करायची. ज्याला झेपणार नाही त्याची भर म्होरक्याने घालायची. पावतीपुस्तक घेऊन खोल्याखोल्यांतून वर्गणीसाठी हिंडलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटल्यावाचून राहील काय? त्याच सुमारास लंडनमध्ये थॉमस मॅक्सफील्ड नावाच्या साध्या माणसाने, पाद्री नसताना, उपदेश करायला आरंभ केला. जॉन संतापून धावत आले. त्यांना अडवले ते वृद्ध आईने. या माणसाला देवाने तुझ्याइतकेच बोलावले आहे. आधी त्याचे ऐक, त्याने लोकांचे काय भले होते ते पाहा, आणि मग ठरव, असे तिने सांगितले. जॉननी ऐकले आणि माघार घेतली. तेथून खाणवाले, शेतमजूर, विणकर यांना व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची वाट मोकळी झाली. जुलै १७४२ मध्ये सुझानाबाई वारल्या. लंडनच्या बनहिल फील्ड्स या दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

ही वाट कोठपर्यंत गेली पाहा. डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावी शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातावर आणून ती सहा करण्याची धमकी दिली गेली, तेव्हा त्यांनी संघ काढला. मार्च १८३४ मध्ये बेकायदा शपथ घेतल्याच्या सबबीवर सहा जणांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लोकक्षोभ इतका उसळला, की १८३६ साली सरकारला त्यांना माफी द्यावी लागली. त्या सहांपैकी पाच जण मेथॉडिस्ट होते, आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा उपदेश करणारा शेतमजूर होता. १८७२ साली शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारणारे जोसेफ आर्च हेही मेथॉडिस्ट उपदेशकच. एका आईने ट्रेड युनियन स्थापन केली असे आम्ही म्हणत नाही. मधे शंभर वर्षे आहेत, आणि स्वतः जॉन वेस्ली तर राजनिष्ठ टोरी होते. पण वाचन, नियम, वर्गणी आणि सभा या चार गोष्टी ज्याच्या अंगवळणी पडल्या, तो मजूर मुकाट राहीलच असे नाही. शिस्त मालकाच्या कामी येते, तशी ती मजुराच्याही कामी येते. ती कोणी कोणासाठी वापरायची, एवढाच तंट्याचा मुद्दा असतो.

आता मुलींविषयी. तिघे मुलगे वेस्टमिन्स्टर आणि चार्टरहाउस या शाळांत गेले व पुढे ऑक्सफर्डला पोचले. त्याच आईने, त्याच खोलीत, तितकेच तास शिकवलेल्या सात मुली घरीच राहिल्या. हेटी आठव्या वर्षी ग्रीक बायबल वाची, पुढे कविताही करी. १७२५ मध्ये लग्नाच्या आशेने ती एकाबरोबर घर सोडून गेली, त्याने फसवले. मग शिशाच्या नळांचे काम करणाऱ्या, कसेबसे लिहिता येणाऱ्या माणसाशी तिचे लग्न लावण्यात आले. तिची मुले एकामागून एक तान्हेपणी गेली, आणि वडिलांनी तिला मनापासून क्षमा कधीच केली नाही. बहिणीवर दया करा, असे सुचवणारे प्रवचन जॉननी दिले, तेव्हा वडिलांचा राग त्यांच्यावरही झाला. एमिलियाने आधी लिंकनच्या एका शाळेत नोकरी केली आणि मग गेन्सबरोला स्वतःची शाळा चालवली. घरच्या दारिद्र्याचे दुःख तिच्या पत्रांत भरून राहिले आहे. उतारवयात तिने लग्न केले, तर नवऱ्याने तिची शिल्लक संपवून तिला सोडून दिले. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी द्यायला सुरुवात केली ती १९२० साली.

येथे आपल्याकडची एक आठवण होते. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी. आणि तेही पहाटे, घरकामाला लागण्यापूर्वी, लेकीला झोपेतून उठवून. त्या विद्येचा रमाबाईंनी बाहेर उपयोग केला, पुढे ख्रिस्ती झाल्या, आणि निराधार स्त्रियांसाठी शारदासदन आणि मुक्तिसदन उभे केले. आईने घरात दिलेल्या विद्येला बाहेर दार सापडले म्हणजे काय होते, ते तेथे दिसते. हेटीला ते दार सापडले नाही. दोघींत फरक बुद्धीचा नव्हता.

मुलीच्या हाती सुईआधी पुस्तक द्यावे, हे सुझानाबाईंनी सांगितले आणि करून दाखवले. पुस्तकानंतर काय, हे त्यांच्या एकटीच्या हातचे नव्हते. त्यासाठी नोकरी, पगार, स्वतःच्या नावावरची शिल्लक आणि मर्जीविरुद्ध लग्न नाकारण्याचा हक्क लागतो, आणि या गोष्टी कोणतीही आई एकट्याने, घराचे दार लावून, मुलीला देऊ शकत नाही. त्या सर्वांनी मिळून मिळवाव्या लागतात. आजही चाळीतल्या आणि वस्तीतल्या किती तरी आया कामावरून परतल्यावर दिव्याखाली मुलींचा अभ्यास घेत बसतात. त्यांचे हे काम कोणत्याही हजेरीपटावर लागत नाही. त्या मुली शिकून बाहेर पडतील तेव्हा त्यांना योग्य दामाचे काम आणि मानाची जागा मिळेल, हे पाहणे आपल्या संघटनांचे आणि आपल्यासारख्या नागरिकांचे काम आहे. एवढी एक गोष्ट आपल्या पदरात घालून आम्ही आपली रजा घेतो.